खोल समुद्रातला बेनामी माल

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल उतरलं की कशेळी लागतं. तिथून काल्हेर, पूर्णा, राहनाळ असं आत शिरत जावं, तर दोन्ही हातांना गोदामं. मुंबई-ठाण्याच्या घरांत पोचणारं बरंचसं सामान आधी इथल्या फळ्यांवर येऊन विसावतं. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड पडतो, स्कॅनर 'टिट्' करतो आणि पडद्यावर वस्तूचं नाव, वजन, मुक्काम असं सगळं उमटतं. पण या कामावरच्या कोणत्याही पोराला विचारा, तो सांगेल की रेघांत काही नसतं. रेघा म्हणजे नुसता आकडा. त्या आकड्यापुढे कुणीतरी आधीच नाव भरून ठेवलेलं असेल, तरच स्कॅनर बोलतो. नोंद नसलेलं खोकं बाजूला काढतात, आणि ते 'नंतर बघू' म्हणत तिथंच पडून राहतं.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली हीच कल्पना प्राण्यांना लावली आणि नावही दुकानातलंच ठेवलं : डीएनए बारकोड. प्राण्यांच्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात 'सीओ-वन' नावाचं एक जनुक असतं. त्यातला सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा एका जातीतल्या प्राण्यांमध्ये जवळपास सारखा असतो आणि जात बदलली की बऱ्यापैकी बदलतो. तेवढा तुकडा वाचायचा, जगभरच्या साठ्याशी ताडायचा, की प्राण्याची ओळख पटते. हा तुकडा उचलून त्याच्या प्रती काढायला जे 'प्रायमर' लागतात, ते १९९४ साली फोल्मर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले होते. ज्या अपृष्ठवंशीय प्राण्यांवर ते तपासले, त्यांत समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी राहणारे नळीकृमीही होते. म्हणजे खोल समुद्राशी या तंत्राचा संबंध हेबर्ट यांच्याही आधीचा.

आज भारत खोल समुद्रात उतरायच्या तयारीत आहे. पाणबुडी बांधली जाते आहे, तळावरचे धातू खुणावताहेत, जनुकं वाचणारी यंत्रंही आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. चणचण आहे ती नोंदी भरणाऱ्या माणसांची. खोल समुद्रातल्या कवचधारींची, म्हणजे कोळंब्या, खेकडे, शेवंड आणि त्यांच्या बारीकसारीक भाऊबंदांची नावं ठरवू शकणारे वर्गीकरणतज्ज्ञ देशात मूठभर उरले आहेत. त्यांच्या जागा भरल्याशिवाय बारकोडिंगवर खर्च करणं म्हणजे स्कॅनर घेऊन ठेवायचा आणि नोंदवही कोरीच ठेवायची.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर कशेळीच्या पुलाखालच्या पाण्याकडे बघावं. उल्हास नदीच्या या खाडीपासून थेट कोकणातल्या खाड्यांपर्यंत चिंबोरी हा ओळखीतला प्राणी. अंधाऱ्या पंधरवड्यातली भरलेली कुठली, पोकळ कुठली, लाख म्हणजे गाभोळी कुणात सापडेल, हे आगरी-कोळी घरातली म्हातारी नुसतं हातात घेऊन सांगते. शास्त्रज्ञांचा मात्र या चिंबोरीच्या नावावरून अनेक वर्षं घोळ होता. १९९८ साली क्लाइव्ह कीनन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या चिखलखेकड्यांची फेरतपासणी करून चार जाती पक्क्या केल्या. तरी भारतात जुनीच नावं चालू राहिली : मोठी ती 'सिला ट्रँक्वेबारिका', लहान ती 'सिला सेराटा'. पुढे तमिळनाडूतल्या राजीव गांधी सेंटर फॉर अॅक्वाकल्चरच्या संशोधकांनी देशाच्या किनाऱ्यांवरून खेकडे गोळा केले, त्यांचा डीएनए तपासला आणि २०१४ साली निष्कर्ष मांडला. भारतात जाती दोनच, आणि दोन्हींची नावं चुकलेली. मोठी तीच खरी 'सेराटा', आणि जिला आजवर सेराटा म्हणत होते ती लहान जात 'सिला ऑलिव्हेशिया'.

हा निव्वळ पंडितांचा वाद नव्हता. मोठी जात दीड-दोन किलोच्या पुढे जाते, लहान जात तेवढी भरत नाही. कांदळवन कक्षाच्या योजनेतून कोकणातले बचत गट खेकडे पाळतात. त्यांच्या हाती कुठल्या जातीचं बी पडतं, यावर त्यांचं गणित उभं राहतं. ओहोटीला हाताने धरता येणाऱ्या, बाजारात सुतळीने नांग्या बांधून विकायला बसणाऱ्या प्राण्याच्या नावाचा इतका गोंधळ, तर तीन हजार मीटर खाली काय असेल?

तिथवर पोचणंही महाराष्ट्राला जड जातं, आणि त्याला भूगोल कारणीभूत आहे. मुंबईसमोरचा समुद्राखालचा उथळ मंच सुमारे ३०० किलोमीटर पसरला आहे, तो संपल्यावर खोली सुरू होते. आपल्या डोल-जाळ्यात जवळा येतो, ट्रॉलरमध्ये कोळंबी येते, ती सगळी या मंचावरची. केरळकडे मंच अरुंद आहे. म्हणून १९९९च्या अखेरीस कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरातले ट्रॉलर 'क्विलॉन बँक' या भागात दोनशे मीटरच्या खाली जाळी सोडू लागले आणि खोल पाण्यातली कोळंबी बाजारात दिसू लागली. त्यात लाल रंगाची, निर्यातीत चांगला भाव घेणारी एक जात आहे, 'अरिस्टियस आल्कॉकी'. व्यापारी तिला 'रेड रिंग' म्हणतात.

या नावातले आल्कॉक मुंबईचे. आल्फ्रेड विल्यम आल्कॉक यांचा जन्म १८५९ साली मुंबईतच झाला. पुढे ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर झाले आणि १८८८ ते १८९२ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर शल्यचिकित्सक-निसर्गतज्ज्ञ म्हणून राहिले. हे जहाजही मुंबईच्या गोदीतच बांधलेलं. खलाशांच्या तब्येती सांभाळायच्या आणि जाळ्यात जे वर येईल त्याचं वर्णन करायचं, अशी दुहेरी नोकरी. नंतर ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले, आणि १९०१ साली भारतीय समुद्रांतल्या खोल पाण्यातल्या कोळंबी-शेवंड वर्गाची त्यांची वर्णनात्मक सूची निघाली. त्यांच्याच नावाची ती लाल कोळंबी १९३८ साली रमदान यांनी नोंदवली, इजिप्तच्या 'मबाहिस' जहाजाने १९३३-३४मध्ये अरबी समुद्रात केलेल्या मोहिमेतल्या नमुन्यांवरून. आज केरळात बसून कुणी संशोधक खोल कोळंबीचा बारकोड काढतो आणि तिला नाव लावतो, ते नाव बहुधा आल्कॉक यांच्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कामावर टेकलेलं असतं.

आल्कॉक यांचं नाव सह्याद्रीतही आहे. २०१६ साली समीर कुमार पती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती जाहीर केल्या. त्यांतली एक 'गुबर्नातोरियाना आल्कॉकी'. पावसाळ्यात लोक जिथे भटकायला जातात, त्या डोंगरांतले हे खेकडे २०१६पर्यंत विज्ञानाच्या वहीत नव्हते!

खोल पाण्यातला नमुना हाती येतो तेव्हा त्याची अवस्था बघण्यासारखी असते. जाळं वर ओढायलाच तासाहून अधिक वेळ जातो. खालच्या थंड, काळोख्या पाण्यातून तो प्राणी एकदम तापलेल्या डेकवर येतो. लांबलचक मिशा तुटलेल्या, डोक्यावरचा करवतीसारखा काटा मोडलेला, अर्धे पाय गायब. जात ओळखायच्या खुणा नेमक्या याच अवयवांवर असतात. भडक लाल रंग स्पिरिटमध्ये काही दिवसांत उतरतो आणि सगळ्या कोळंब्या सारख्याच पांढुरक्या दिसू लागतात. म्हणून डेकवरच आधी फोटो घ्यायचा, मग पोहण्याच्या पायाचा किंवा स्नायूचा तांदळाएवढा तुकडा कापून तीव्र अल्कोहोलमध्ये टाकायचा, आणि उरलेला प्राणी चिठ्ठीसकट बरणीत. चिठ्ठीवर अक्षांश, रेखांश, खोली, तारीख. संग्रहालयांचं जुनं लाडकं रसायन फॉर्मालिन इथे घातक, कारण ते डीएनए खराब करतं.

बारकोडचं खरं मोल अशा मोडक्या नमुन्यांपाशी कळतं. पाय एकच असला तरी अक्षरं पुरेपूर मिळतात. अंडं, पिल्लू, माशाच्या पोटातला अर्धवट पचलेला तुकडा, कशावरूनही ओळख पटू शकते.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे 'सेरॅटॅस्पिस मॉन्स्ट्रोसा'. १८२८ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी या चमत्कारिक जीवाचं वर्णन केलं. जाड चिलखत, शिंगांसारखे उंचवटे, निळसर झाक. तो सापडायचा बहुतेक वेळा मोठ्या माशांच्या पोटात. हे कुठल्यातरी कोळंबीचं पिल्लू असावं असा संशय होता, पण कुठल्या, ते कळेना. आई-बापाशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं. २०१२ साली हेदर ब्रॅकन-ग्रिसम आणि डॅरिल फेल्डर यांच्या गटाने मेक्सिकोच्या आखातात मिळालेल्या एका नमुन्याचा डीएनए वाचला, आणि तो अतिखोल समुद्रातल्या 'प्लेसिओपीनियस आर्मेटस' या कोळंबीशी तंतोतंत जुळला. १८४ वर्षांनी कोडं सुटलं. काटेकोर बोलायचं तर हे बारकोडिंग नव्हे, त्यांनी पाच जनुकं तपासली होती. पण तत्त्व तेच. आणि बातम्यांमध्ये एक गोष्ट हरवली : हे कोडं सुटलं, कारण जुळणी करायला मोठी कोळंबी आधीपासून नावानिशी संग्रहात होती. ती नसती, तर हाती एक लांबलचक अक्षरमाळ आली असती आणि पुढे काहीच नाही.

दुसरी गोष्ट 'युरिथेनिस ग्रिलस'ची. हा तळावरचं मेलेलं मांस खाणारा, बोटभर लांबीचा अँफिपॉड गटातला कवचधारी. दोन्ही ध्रुवांपासून विषुववृत्तापर्यंत, हजार मीटरपासून कितीतरी हजार मीटरपर्यंत, सगळीकडे हाच एक, असं मानलं जायचं. २०१३ साली शार्लोट हॅवरमन्स आणि सहकाऱ्यांनी जनुकं तपासली, तर त्या एका नावाखाली जातींच्या पातळीचे नऊ वेगळे गट निघाले. दोन वर्षांनी त्यांतल्या काहींना रीतसर नावं मिळाली आणि एकाचं नाव ठेवलं गेलं 'युरिथेनिस अंधकारे'. २०२० साली मरियाना गर्तेतून, ६ हजार मीटरहून खोल पाण्यातून, आणखी एक जात जाहीर झाली. तिच्या पोटात प्लास्टिकचा तंतू सापडला, म्हणून ती 'प्लास्टिकस'.

युरिथेनिसच्या बाबतीत डीएनएने फक्त बोट दाखवलं. इथे एकाहून अधिक जाती दिसतात, बघा, एवढंच. मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बसून पायांवरचे काटे मोजले, चित्रं काढली, जुने नमुने मागवून ताडले, वर्णन लिहिलं. त्याला महिने लागतात, कधी वर्षं. अशा कामाला आपल्याकडे ना बढती मिळते, ना मोठा निधी.

तंत्र चकवाही देतं. मायटोकाँड्रियातल्या जनुकांच्या निकामी प्रती कधीकधी पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतात आणि यंत्र खऱ्या जनुकाऐवजी त्याच वाचतं. २००८ साली होजुन साँग आणि सहकाऱ्यांनी नाकतोडे आणि गोड्या पाण्यातले क्रेफिश घेऊन दाखवून दिलं, की अशा प्रतींमुळे जातींची संख्या फुगते. म्हणजे नसलेल्या जाती कागदावर जन्माला येतात. क्रेफिश हे कवचधारीच, तेव्हा खोल समुद्रातल्या त्यांच्या भाऊबंदांवर काम करणाऱ्यांनी हा इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. याच्या दुसऱ्या टोकाला, कोडच पुरे, वर्णन कशाला, म्हणणारेही आहेत. २०२१ साली मायकेल शार्की आणि सहकाऱ्यांनी कोस्टारिकातल्या गांधीलवर्गीय कीटकांच्या ४०३ जाती मुख्यतः बारकोड आणि छायाचित्रं यांच्या आधारे एकदम जाहीर केल्या. त्यावर वर्गीकरणतज्ज्ञांनी मोठा आक्षेप घेतला. घाई समजण्यासारखी आहे, जंगलं तोडली जाताहेत आणि माणसं कमी आहेत. पण उद्या तोच तुकडा चुकीचा वाचला गेला असं निघालं, तर नाव कशाला चिकटवायचं?

जातींच्या नावांचा हा प्रश्न आता भारताच्या दारात येऊन उभा आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोळे वर आणले. आज मध्य हिंदी महासागरातल्या ७५ हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात या गोळ्यांच्या शोधाचे हक्क भारताकडे आहेत. पाण्याची खोली पाच हजार मीटरच्या आगेमागे, गोळ्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं, मँगनीज. जून २०२१मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांचं 'डीप ओशन मिशन' मंजूर केलं. तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेणारी 'मत्स्य ६०००' ही त्याची दर्शनी बाजू. खोल समुद्रातल्या जैवविविधतेचा अभ्यास हाही मिशनच्या सहा भागांपैकी एक. बातम्यांत तो क्वचित दिसतो.

गोळे उचलायचे म्हणजे तळाचा वरचा गाळ उचलला जाणार. त्या गाळात आणि गोळ्यांवर जे राहतात, त्यांतले बहुतेक कवचधारी मिलिमीटरच्या मापातले : कोपेपॉड, आयसोपॉड, टॅनेइड. १९९७ साली गोव्याच्या संस्थेने याच पट्ट्यात मुद्दाम गाळ ढवळून प्रयोग केला होता. खाणकामाने तळावरच्या जीवांचं काय होईल, ते पाहायला. डॉ. बबन इंगोले यांच्यासारख्या संशोधकांनी त्या जीवांचं मोजमाप पुढे बराच काळ केलं. पण अशा मोजमापात बऱ्याचदा जातीपर्यंत पोचताच येत नाही. 'कोपेपॉड, इतके' असं लिहून थांबावं लागतं. ढवळण्याआधीचे आणि नंतरचे कोपेपॉड तेच होते, की एक जात जाऊन दुसरी आली, हे संख्येवरून कळत नाही. बारकोड नेमका इथे कामाला येतो.

पॅसिफिकमधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन या अशाच गोळ्यांच्या पट्ट्याचा हिशेब लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या म्युरिएल राबोन आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली मांडला. तिथे तळावरच्या अंदाजे ५,५७८ जाती, त्यांतल्या नाव असलेल्या ४३६. बाकी ५,१४२ बेनामी. हा जगातला सर्वाधिक तपासलेला खाणपट्टा आहे. मध्य हिंदी महासागराबद्दल असा एकगठ्ठा ताळेबंद लोकांसमोर यायला हवा, आणि तो खाणकामाच्या आधी यायला हवा.

काही चांगलंही घडतं आहे. कोचीच्या सागरी सजीव संपदा केंद्राकडे १९८४पासून चालणारं 'सागर संपदा' हे जहाज आहे. त्याच केंद्राच्या 'भवसागर' संग्रहाला २०२४ साली जैवविविधता कायद्याखाली खोल समुद्रातल्या प्राण्यांचं राष्ट्रीय भांडार म्हणून मान्यता मिळाली. तिथे ओळख पटलेले, कुठे मिळाले त्याची नोंद असलेले साडेतीन हजारांहून जास्त नमुने आहेत. बरणीतला प्राणी, त्याचा बारकोड आणि त्याची चिठ्ठी एकाच फळीवर, ही खरी पायाभूत सुविधा. तिचं उद्घाटन पाणबुडीसारखं थाटात होत नाही, एवढंच.

महाराष्ट्राला यात हात आखडता घेण्याचं कारण नाही. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचं मुख्यालय मुंबईत, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वर्सोव्यात, प्राणी सर्वेक्षण खात्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात. २०२२ साली राज्याने सुमारे १७२ कोटींचा 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्प मंजूर केला. सागरी जैवविविधता हा त्याच्या विषयांतला एक. त्यातला एक छोटा वाटा खोल पाण्यातल्या कवचधारींसाठी राखून ठेवावा. सर्वेक्षणाच्या जहाजांवर जाळ्यात येणारं 'फालतू' म्हणून परत पाण्यात न फेकता अल्कोहोलमध्ये ठेवावं. आणि मुख्य म्हणजे वर्गीकरणाच्या दोन-चार कायम जागा काढाव्यात. तीन वर्षांच्या प्रकल्प-सहायकाला कोपेपॉडचे पाय ओळखायला शिकवायचं, आणि हात बसेपर्यंत त्याची मुदत संपवायची, हा उद्योग आता पुरे. ठाणे-भिवंडीच्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र घेणारी पोरं पदवीनंतर गोदामांत किंवा औषध कंपन्यांत जातात. त्यांतल्या काहींना सूक्ष्मदर्शकाखाली पगारी काम मिळालं, तर बिघडणार काहीच नाही.

आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाने खोल समुद्रातल्या हजारांहून जास्त नव्या जातींची रीतसर वर्णनं २०३०पर्यंत व्हावीत असं लक्ष्य ठेवलं आहे. त्यांतल्या किती भारताच्या ७५ हजार चौरस किलोमीटरमधल्या असतील, आणि त्यांची वर्णनं लिहायला सरकारने किती माणसं नेमली आहेत? पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला हा प्रश्न संसदेच्या पुढच्या अधिवेशनात लेखी विचारता येईल. भिवंडीच्या खासदारांनी विचारला तरी चालेल.